चार इंच

मार्चमध्ये बाबांनी गाडी चार इंच उचलली.
नाव पॅट्रोल, पोटात डिझेल,
वयाने माझ्याहून दोन वर्षं मोठी.
पिवळ्याधमक नव्या स्प्रिंगा, अडतीस इंची टायर.
आई म्हणाली, आता चढायला शिडी आण.
त्यांनी माशांचा निळा क्रेट आणला
आणि शेजाऱ्यांसमोर त्यावर पाय ठेवून
राजासारखे आत बसले.

दुसऱ्या दिवशी रस्ता सरळ होता
आणि स्टेअरिंगवरची अक्षरं उजवीकडे घसरलेली,
मान तिरपी करून वाचावीत अशी.
"सरळ जातेय ना?" बाबा म्हणाले. "मग झालं."

पण जात नव्हती.
फाग्रिदालूरच्या खिंडीत वारा बाजूने आला की
पिऊन आल्यासारखी
पट्टीकडून खांबाकडे, खांबाकडून पट्टीकडे.
वळण संपलं तरी स्टेअरिंग
आपणहून परत येत नसे,
आणायला जावं लागे त्याला,
चुकार मेंढीला आणावं तसं.

एकदा रेदारफ्योर्दूरच्या उतारावर, सत्तरच्या पुढे,
एक साधा खड्डा लागला
आणि पुढची चाकं थरथरायला लागली.
थरथर दांड्यांतून हातांत, हातांतून दातांत.
थर्मासचं झाकण नाचत नाचत खाली गेलं.
मी काही बोलले नाही. बाबाही नाही.
दोघांनी मिळून काटा चाळीसवर यायची वाट पाहिली,
मग त्यांनी हवामानाचा विषय काढला.

अकरा महिने असेच गेले.
टायर आतल्या कडेने झिजले, मांजराने ओरबाडल्यासारखे.
डावा हात वर, उजवा मांडीवर,
बाबांची बैठक पक्की झाली.

शेवटी स्टेनवोर.
पंपामागचं शेड, वय सदुसष्ट, कानांत कापूस.
गाडीखाली सरकली.
बराच वेळ नुसते बूट दिसत होते,
मग बूट बोलू लागले:

"थोरोद्दूर, तू घर उचललंस
आणि जिना तसाच ठेवलास.
हा आडवा दांडा बघ,
एक टोक चासीला, एक ॲक्सलला.
चासी वर गेली, त्याने ॲक्सल ओढून घेतला,
अख्खा ॲक्सल बोटभर डावीकडे.
आणि ही चाकाची मान.
पूर्वी मागे रेलून बसायची, ऐटीत.
आता पुढे झुकलीय,
शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखी.
मान पुढे आली की चाकाला घरचा रस्ता आठवत नाही."

"कॅस्टर," बाबा पुटपुटले.
त्यांना माहीत होतं.
पहिल्या दिवसापासून माहीत होतं;
पैसे टायरांतच संपले होते.

दोन दिवस लागले.
नवे बुश, लांबी बदलता येणारा दांडा,
आणि शेवटी चाकांच्या कडेने
मासेमारीची दोरी ताणून
स्टेनवोरने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं.
मागे मोज. पुढे मोज. पुढे एक सूत कमी हवं.
पाना अर्धी फेरी. पुन्हा माप. पाव फेरी.
मी आकडे ओरडत होते, ती मान हलवत होती,
बाबा क्रेटवर बसून कॉफी गार करत होते.

परत निघालो. वारा होता तसाच.
स्टेअरिंगवरची अक्षरं आडवी, शहाणी.
आणि गाडी हळूहळू उजवीकडे,
पट्टीवर, पट्टीपलीकडे, खडीत.

बाबांनी ब्रेक मारला.
"अजून ओढतेय. बाईने पैसे फुकट घेतले."
मी त्यांच्या हातांकडे पाहिलं.
डावा वर. उजवा मांडीवर.
"सोडा, बाबा."
"काय?"
"स्टेअरिंग."

पुन्हा रस्त्यावर आलो, आणि त्यांनी सोडलं.
दोन्ही हात हवेत,
कुणी बंदूक रोखल्यासारखे.
गाडी नाकासमोर चालत राहिली,
पिवळा खांब, पिवळा खांब, पिवळा खांब,
मागे क्रेट खडखडत होता.
मग त्यांनी दोन बोटं टेकवली, नुसती टेकवली,
आणि पाय थोडा दाबला.

"साठ," ते म्हणाले.
"पासष्ट."
रस्त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.
आम्ही दोघं थर्मासच्या झाकणाकडे बघत होतो.